पाण्याखाली राहिलेला माणूस

आमचे धाकटे दीर काचा बसवतात. खिडक्यांच्या, कपाटांच्या, आरशांच्या. तळमजल्यावर त्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर आम्ही आणि दुसऱ्यावर ते. नावाने त्यांना कुणी ओळखत नाही. काचवाले म्हटलं की शेंबडं पोरही दुकान दाखवतं. हाताला सफाई अशी की काच कापायचा हिरा एकदाच फिरवायचा, खालून टिचकी मारायची, आणि काच रेघेवर सुटलीच पाहिजे. दुसऱ्यांदा रेघ ओढणाऱ्याला ते कारागीर मानतच नसत. "तो काच कापत नाही, भाजी चिरतो," म्हणायचे.

पण राग! दुधाला उकळी येताना निदान दिसते तरी. यांच्या रागाची चाहूल लागायची नाही. नंतर नुसते तुकडे वेचायचे. गल्लीत विनोदच होता, की काचवाल्याला गिऱ्हाइकाची गरज काय, स्वतःच फोडतो नि स्वतःच बसवतो. सगळे हसायचे. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, तेवढी हसायची नाही.

एका दुपारी कशावरून तरी बिनसलं. कशावरून ते आता दोघांनाही सांगता येत नाही, म्हणजे गोष्ट किती मोठी असेल ते समजा. त्यांनी हातातली काच भिंतीवर आपटली आणि तिचा लांबट तुकडा धाकटीच्या उजव्या तळहातात शिरला. दवाखान्यात तिने सांगितलं, काच निसटली. जखम भरली, टाके निघाले, पण दोन बोटं सरळ होईनाशी झाली ती कायमची. शर्टाचं बटण लावायचं तरी तिला डाव्या हाताची मनधरणी करावी लागते. या गोष्टीबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि आम्ही खालच्या मजल्यावरचे, आम्ही कोण बोलणार?

त्यानंतरच्या रविवारी दीर आपणहून चर्चमध्ये उपासनेला आले आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसले. धाकटी वर्षानुवर्षं यासाठीच गुडघे टेकत होती, पण ते खरंच आलेले पाहून तीच दचकली. मग ते येतच राहिले. बाप्तिस्म्याआधीच्या शिकवणीला बसले. प्रश्न विचारायचे नाहीत, नुसते ऐकायचे. आमच्या मंडळीत लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस जाणता होतो, विश्वास धरतो, मग स्वतःच्या पायांनी पाण्यात उतरतो. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली सिमेंटचा हौद आहे. पाळकसाहेब माणसाला मागे झुकवून पाण्याखाली नेतात. नेताना म्हणतात, ख्रिस्ताबरोबर तू मेलास, पुरला गेलास. वर काढताना म्हणतात, ख्रिस्ताबरोबर तू उठलास, आता नव्या जीवनात चाल. खाली जाताना एक वाक्य आणि वर येताना दुसरं.

दिरांच्या वेळी पहिलं वाक्य झालं. तेवढ्यात पाळकसाहेबांचा पाय शेवाळावरून घसरला.

दोघेही खाली गेले. पाळकसाहेबांचं मनगट हौदाच्या कठड्यावर आपटलं, ते कळवळत बाजूला झाले. दीर वर आलेच नाहीत. आम्हाला आधी वाटलं, साहेबांनीच धरून ठेवलं असेल. "मुरलेलं लोणचं आहे, जरा जास्त वेळ धुऊ दे," असं मागून कुणीतरी कुजबुजलंसुद्धा. मी पुढच्या रांगेत होते. पाणी हळूहळू शांत झालं आणि तळाशी त्यांचा चेहरा दिसला. डोळे उघडे. ते आमच्याकडे बघत होते. घाबरलेले नव्हते, हातपाय झाडत नव्हते. नुसते बघत होते.

मग आमच्या ह्यांनी कपड्यांसकट उडी टाकली. बाहेर काढलं तेव्हा भावाचे ओठ निळे पडले होते. पालथं घातलं, पाठ दाबली, पाणी निघालं, खोकला आला. बायका रडत रडत गाऊ लागल्या. एका गाडीत घालून दोघांनाही दवाखान्यात नेलं, एकाचं मनगट आणि एकाची छाती. संध्याकाळी दीर घरी परतले. देवाने वाचवलं म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून उपकार मानले.

दुसरं वाक्य म्हणायचं राहून गेलं होतं. आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर शांतता पसरली. आदळआपट नाही, आवाज चढणं नाही. दीर जिन्यावरून उतरले तरी कळायचं नाही. मी दार उघडावं आणि ते समोर उभे असावेत, असं कितीदा झालं. "काय भावजी?" म्हटलं की, "काही नाही, वहिनी," म्हणायचे आणि खाली जायचे. आवाज असा, जसा बंद खोलीतून येतो.

दुकानात एकदा बांधकामावरचा मुकादम भांडायला आला. मापाची चूक त्याचीच होती. बोलता बोलता त्याने दिरांच्या थोबाडीत मारली. समोरच्या शिंप्याने हातातलं काम टाकलं आणि आता काय रामायण होतंय ते बघायला दारात आला. काहीच झालं नाही. दिरांनी गाल चोळला नाही, मानही हलवली नाही. मुकादमच मागे सरकला. नंतर तो शिंप्याला म्हणाला, "यार, माणसाला मारल्यासारखं वाटलंच नाही. गाल गार होता, काचेसारखा."

गल्लीत आणि मंडळीत या गोष्टीचं किती कौतुक झालं! पाळकसाहेबांनी तर हात गळ्यात अडकवलेला असतानाच उपदेश केला. म्हणाले, "कृपा फुकट मिळते. पण ती मिळाल्यावर माणसाने कसं जगावं? स्वतःला मेलेलं समजून. राग मेला, मान मेला, अपमान मेला. असा माणूस बघायचा असेल तर मागच्या बाकाकडे बघा."

सगळ्यांनी माना वळवल्या. दीर हात मांडीवर ठेवून बसले होते. पापणीही लवत नव्हती. माझ्या शेजारची म्हातारी माझ्या कानाशी लागली. "चांगलंच आहे गं," म्हणाली, "पण श्वास चाललाय ना त्यांचा?"

मी तिला चिमटा काढला. पण माझीही नजर त्यांच्या छातीकडे गेली. त्याच दिवशी प्रभुभोजनाचं ताट त्यांच्यासमोर आलं आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढच्या माणसाकडे सरकवलं. ख्रिस्ताच्या आठवणीची ती भाकर घेतली नाही.

थोड्याच दिवसांत धाकटी एका दुपारी खाली आली. मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ती बसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"ताई, जरा वर येता?"

"काय गं, काय झालं?"

"या तर. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय."

वरची खोली चांगली उजळलेली होती. खिडकीच्या काचा लख्ख, दिरांच्या घरच्या त्या असणारच. पलंगावर दीर उताणे झोपले होते. अंगात बाप्तिस्म्याचा पांढरा झगा, हात छातीवर, पावलं जुळवलेली. जागे होते.

"भावजी, बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग हे काय?"

"वाट बघतोय."

"कुणाची?"

त्यांनी मान वळवली. अगदी सावकाश. म्हणाले, "वहिनी, पाळकसाहेबांनी मला खाली नेताना म्हटलं, तू मेलास, पुरला गेलास. ऐकलंत ना तुम्ही? पुढचं ऐकलंत?"

मी आठवून पाहिलं. पुढचं ऐकलंच नव्हतं.

"मला वर कुणी बोलावलंच नाही," ते म्हणाले. तक्रार नव्हती. गिऱ्हाइकाला काचेची जाडी सांगावी तसं सांगत होते. "तुम्ही ज्याला बाहेर काढलंत ते शरीर होतं. मी तिथेच आहे. अजून तुम्ही सगळे मला पाण्यातून दिसता. जुन्या, लाटा पडलेल्या काचेतून माणसं दिसतात ना, तशी. तोंडं हलतात, आवाज उशिरा येतो."

धाकटी माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, लहान मुलीसारखं.

ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि सगळं ओतलं. हे स्वतःबद्दल बोलतात ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं. "त्याला चहा गोड लागायचा," म्हणतात. आरशात बघत नाहीत. काच पुसताना हाऽ करून वाफ सोडतात ना सगळे काचवाले, ते यांनी सोडलंय. ओलं फडकं घेतात. "आणि ताई, मी विचारलं का, तर म्हणाले, वाफ आली नाही तर काय करू?"

मी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांचा स्वभाव सरळसोट. ते आरशाचा एक तुकडा घेऊन वर गेले आणि धाकट्या भावाच्या नाकासमोर धरला. "कर हाऽ."

दिरांनी केलं. आरसा धुरकटला.

"दिसली वाफ? झालं समाधान? ऊठ आता, लोक बाहेर खिडक्या घेऊन उभे आहेत."

"वाफ काय दादा," दीर म्हणाले, "गटारातूनही निघते."

आमचे हे हसत हसत गेले होते, खाली आले तेव्हा तोंड उतरलं होतं. आरशाचा तुकडा खिशातच राहिला होता. बराच वेळ पाटावर बसून ते तो उलटसुलट करत राहिले.

मग पाळकसाहेब आले. मनगटाला अजून प्लास्टर होतं. जिना चढून दम लागला होता. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी तिथेच, खोलीच्या मधोमध उभं राहून, ते राहिलेलं वाक्य म्हटलं. ख्रिस्ताबरोबर तू उठलास. आता नव्या जीवनात चाल. चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा दीर तसेच होते, खुर्चीत, हात गुडघ्यांवर.

"आता?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"ऐकू आलं, साहेब."

"मग?"

"दुसऱ्या कुणाला तरी म्हटल्यासारखं ऐकू आलं."

"अरे बाबा," पाळकसाहेब खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "माझ्या तोंडच्या शब्दाने कुणी उठत नाही. उठवतो देव. पोहणारा काठावर आला आणि कुणी त्याला 'आलास का' म्हणून विचारलं नाही, म्हणून तो काय पाण्यातच राहतो?"

"काठावर कोण आलं, ते तुम्हाला माहीत नाही."

पाळकसाहेब साधा माणूस. पण त्या वेळी त्यांनी आपली खुर्ची थोडी मागे घेतली, हे मी पाहिलं. जाताना जिन्यात ते मला म्हणाले, "बाई, मी व्यासपीठावरून याचं उदाहरण दिलं. मेलेल्यासारखं जगा म्हणालो. अर्धंच सांगितलं हो मी. पापाला मेलेलं आणि देवासाठी जिवंत, अशी ती गोष्ट आहे. नुसतं मेलेलं राहायला ख्रिस्ताची गरज काय? ते कुणालाही जमतं." मग म्हणाले, प्रार्थना करू. आम्ही जिन्यातच केली.

पण दिरांचं खाणं सुटत चाललं. आधी रात्रीचं, मग सकाळचं. धाकटी ताट वाढायची, ते ताटाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "कुणाला वाढलंस?" एवढं म्हणून उठायचे. गालफडं बसली. झगा खांद्यावरून घसरू लागला. डॉक्टरांनी तपासलं, रोग काही नाही म्हणाले. पण असंच चाललं तर रोगाची गरजही नाही, हेही म्हणाले. धाकटीला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, माणूस हळूहळू विझतोय. काय करायचं ते लवकर करा.

काय करायचं? आम्ही विनवलं. ह्यांनी दरडावलं. मंडळीतले वडीलधारे येऊन गेले, समजूत घालून गेले. दीर सगळ्यांशी नम्रपणे बोलायचे. तो नम्रपणाच अंगावर यायचा. पूर्वी त्यांनी दार आपटलं की मी कानांवर हात ठेवायची. आता वाटायचं, एकदा आपटा हो. एकदा तरी.

काम मात्र करत होते. दुकानात उन्हं यायची, भिंतींना टेकवलेल्या काचांमध्ये ते अनेक होऊन दिसायचे, आणि त्या सगळ्यांत खरे कुठले ते पटकन कळायचं नाही. एका सकाळी मी आणि धाकटी बाजारातून परतताना दुकानात डोकावलो. लाकडी टेबलावर मोठी जाड काच आडवी ठेवली होती. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती.

"ही कुठल्या खिडकीची?" मी विचारलं. "असला आकार कधी पाहिला नाही."

"खिडकीची नाही."

"मग?"

"झाकण आहे."

आणि मग मला दिसलं. काच त्यांच्याच उंचीची होती. रुंद बाजू खांद्यांच्या मापाची, निमुळती बाजू पावलांच्या. शवपेटीचं झाकण. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"लाकडाचं झाकण असलं की वरचं काही दिसत नाही," दीर म्हणाले. "दिसलेलं बरं. सवय झालीय."

मी धाकटीकडे पाहिलं. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने आपली पिशवी भिंतीपाशी ठेवली, टेबलाजवळ गेली आणि आपला उजवा तळहात त्या काचेवर ठेवला. तीन बोटं टेकली. दोन टेकेनात, ती वरच राहिली, वाकडी.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं.

आवाज अजिबात चढलेला नव्हता. दिरांनी हाताकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"त्याने."

"कोण तो?"

"तो मेला."

"बरं झालं की मग. सुटला बिचारा." धाकटीच्या तोंडून असली फणकाऱ्याची भाषा मी आजवर ऐकली नव्हती. "आणि मी? मी कुणाला माफ केलं?"

दीर फडक्याने काचेची कड पुसू लागले.

"दवाखान्यात टाके घालत होते तेव्हाच केलं. तुम्ही मागितलीही नव्हती. दाराबाहेर बाकावर बसला होतात, शर्टाला माझं रक्त होतं, आणि मी आत म्हटलं, देवा, मला जसं सोडलंस तसं मी या माणसाला सोडलं. या माणसाला. आता तुम्ही म्हणता तो माणूस मेला. मग ते माफ केलेलं मी कुठे नेऊन ठेवू? कपाटात? मेलेल्याला काय करायचंय ते?"

"तुला कळत नाही," दीर म्हणाले.

"नाहीच कळत. मी अडाणी. मला एवढंच कळतं, की मेलेल्याला बायकोच्या हाताकडे बघावं लागत नाही. सोयीचं आहे मरण तुमचं."

दिरांचे ओठ हलले. काहीतरी म्हणायचं होतं. मी तिथून निघून जायला हवं होतं, नवराबायकोचं बोलणं ते. पण मी थांबले. सभोवतालच्या काचांत ती दोघं ठिकठिकाणी उभी होती आणि सगळीकडे तो हात तसाच होता, काचेवर टेकलेला.

"मी उठलो," ते शेवटी म्हणाले, "तर तोही उठेल."

त्यांनी टेबलाची कड धरली.

"तिथे पाण्याखाली शांत वाटलं मला," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. तो गप्प होता. मी वाट बघत होतो, की आता आवाज येईल, म्हणेल ऊठ. आला नाही. बरं वाटलं मला. कळलं का? बरं वाटलं. वर आलो तर तो माझ्याबरोबर वर येणार. माझ्याच पायांनी जिना चढणार. पुढच्या वेळी तुझा हात नसेल, डोळा असेल. तू सांग, मी कसा येऊ?"

इतके दिवस ते आम्हाला घाबरवत होते. आणि सगळ्यांत जास्त घाबरलेले तेच होते.

धाकटीने काचेवरचा हात काढला नाही. मग म्हणाली, "येऊ दे त्याला."

"काय?"

"उठला तर उठू दे. तो काय मला नवा आहे? संसार केलाय मी त्याच्याबरोबर. तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. तेव्हा मी एकटी होते आणि गप्प बसायची. आता बसणार नाही. खाली दादा आहेत, ताई आहेत, वर देव आहे. आणि तुम्हीही असाल ना, या बाजूला? की मला त्याच्यापुढे एकटी सोडून झाकणाखाली जाऊन झोपणार?"

दीर तिच्या हाताकडे बघू लागले. आता नजर काढली नाही. हळूच त्यांनी आपलं बोट त्या दोन वाकड्या बोटांवर ठेवलं, काचेची धार तपासताना ठेवतात तसं, अगदी अलगद.

"दुखतात?"

"थंडीत."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं कधी?"

"माझ्या हातून झालं," दीर म्हणाले. आणि मग त्यांनी तिची माफी मागितली. ते शब्द मी इथे लिहीत नाही, ते तिचे आहेत. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. समोरचा शिंपी मला म्हणाला, "काय हो, आत कुणी गेलं की काय? रडण्याचा आवाज येतोय." मी म्हटलं, "गेलं नाही. आलंय." त्याला काही समजलं नाही.

त्या दुपारी ते जेवले. भात आणि पातळ वरण, तेही थोडंच, कारण इतक्या दिवसांच्या उपासाने आतडं आकसलं होतं. जेवताना मधेच थांबायचे, ताटाकडे टक लावायचे, आणि धाकटी म्हणायची, "तुम्हालाच वाढलंय." मग पुन्हा घास घ्यायचे. ती काच त्यांनी कापून टाकली. तिची कपाटाची तावदानं झाली, कुणाच्या घरी बसवली ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. लोकांना आपल्या कपाटासमोर सुखाने उभं राहू दे.

पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी भाकर घेतली. पाळकसाहेबांनीही उपदेशात पुन्हा कुणाकडे बोट दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, की ज्याला क्षमा झाली त्याने घरी जावं आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्या समोर बसून जेवावं. अवघड आहे, पण सुरुवात तिथून होते.

आता मी असं लिहिलं असतं की दीर अगदी नवे होऊन गेले, हसतखेळत राहू लागले, तर वाचायला गोड वाटलं असतं. तसं नाही. ते जिवंत आहेत. जिवंत माणसाचं जे जे असतं ते सगळं परत आलं. पावलं वाजतात. कुरकुर करतात. धाकटीची ओली चादर पिळायला तिच्यासोबत गच्चीवर जातात आणि ती कुठल्या बाजूला पिळायची यावरून दोघं वाद घालतात. मधूनच बोलता बोलता त्यांचे डोळे स्थिरावतात, तळातून बघितल्यासारखे, आणि धाकटी म्हणते, "अहो." ते म्हणतात, "आहे, आहे."

आणि परवाची गोष्ट. मी धाकटीचं दळण घेऊन जिना चढत होते. वर काहीतरी बाचाबाची झाली होती, आवाज एकदा चढला आणि मधेच तुटला. बघते तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दीर पायरीवर बसलेले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. चेहरा घामाने डबडबलेला. भरदुपार होती, वरच्या झरोक्यातून ऊन सरळ त्यांच्या पायांवर पडलं होतं.

"भावजी?"

"तो आला होता, वहिनी."

कोण, हे विचारायची गरज नव्हती.

"मग?"

"मग काय. त्याला घेऊन बाहेर आलो. म्हटलं, तिच्यासमोर नको, इथे बस. काय बोलायचं ते मला बोल. हात माझे आहेत, ते तुला मिळायचे नाहीत." त्यांनी लांब श्वास घेतला. "प्रभूलाही म्हटलं, तूही बस. मला एकट्याला झेपत नाही."

ते पायरीच्या एका कडेला, भिंतीला चिकटून बसले होते. बाजूला चांगली दोन माणसांची जागा मोकळी सोडलेली होती.

वरून धाकटीने विचारलं, "अहो, झालं का तुमचं? येताय ना?"

"येतोय," ते म्हणाले. हात मांड्यांखालून काढले, उलटसुलट करून पाहिले, आणि उठून वर गेले. दार उघडलं, लागलं. आपटलं नाही.

मी विश्वासणारी बाई आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी उरलेल्या पायऱ्या चढताना मी दळणाचा डबा छातीशी धरला आणि त्या मोकळ्या जागेवर पाय न देता कडेकडेने वर गेले.